हृदयविफलता आणि व्यायामाची सवय : प्रभाव टाकणारे घटक

सरस्वतीपुरम ही म्हैसूर शहराच्या पश्चिम भागातील एक प्रस्थापित निवासी वसाहत. सरळ आखलेले ‘मेन’ आणि त्यांना छेदणारे ‘क्रॉस’ रस्ते, दुतर्फा झाडे आणि लगतच कुक्करहळ्ळी तलाव, अशी तिची रचना आहे. तिसरे कृष्णराज वडियार यांच्या काळात, १८६४ मध्ये, सिंचनासाठी बांधलेल्या या तलावाभोवती आज सुमारे ५ किलोमीटरची पायवाट आहे. पलीकडे म्हैसूर विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर पसरलेला आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ७६० मीटर उंचीवरील या शहराचे हवामान बहुतांश वर्षभर सौम्य असते. चालण्याच्या व्यायामासाठी याहून अनुकूल परिसर भारतीय शहरांत क्वचितच आढळेल.

तरीही ज्यांना अशा चालण्याची सर्वाधिक गरज आहे, त्या हृदयविफलतेच्या रुग्णांना घराबाहेर पडण्याची सवय सहजासहजी लागत नाही. डॉक्टर ‘चालत जा’ असे सांगतात, रुग्णालाही ते पटते, वाटही समोर असते. मात्र काही आठवड्यांत चालणे थांबते. हा दोष केवळ रुग्णाच्या आळसाचा मानावा काय? गेल्या काही दशकांतील संशोधन या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे देते. व्यायामाची सवय ही व्यक्तीच्या निश्चयाइतकीच कुटुंब, परिसर आणि आरोग्यव्यवस्था यांची निर्मिती असते. प्रस्तुत लेखात या घटकांचा क्रमाने विचार केला आहे.

हृदयविफलता : स्वरूप आणि व्याप्ती

हृदयविफलता म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुरेशा क्षमतेने पुढे ढकलणे हृदयाला शक्य होत नाही, किंवा ते साधण्यासाठी हृदयाच्या कप्प्यांतील दाब वाढतो, या अवस्थेला हृदयविफलता म्हणतात. धाप लागणे, लवकर थकवा येणे आणि पायांवर सूज ही तिची प्रमुख लक्षणे होत. डाव्या जवनिकेतील रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडते, या मापास ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ असे नाव आहे. ते ४० टक्के किंवा त्याहून कमी असल्यास ‘घटलेले’, ४१ ते ४९ टक्के असल्यास ‘किंचित घटलेले’ आणि ५० टक्के वा अधिक असूनही विफलतेची लक्षणे असल्यास ‘राखलेले’ असे वर्गीकरण केले जाते. लक्षणांच्या तीव्रतेनुसार न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची पहिली ते चौथी अशी श्रेणीही सर्वत्र वापरली जाते. पहिल्या श्रेणीत नेहमीच्या हालचालींना त्रास होत नाही. चौथ्या श्रेणीत विश्रांतीतही धाप लागते.

भारतातील चित्र गंभीर आहे. केरळमधील त्रिवेंद्रम हृदयविफलता नोंदणीत २०१३ मध्ये १८ रुग्णालयांतील १,२०५ रुग्णांची नोंद झाली. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ वर्षे होते आणि पाच वर्षांत त्यांपैकी सुमारे ५९ टक्के रुग्ण दगावले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या राष्ट्रीय नोंदणीत ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांचा समावेश होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, ९० दिवसांच्या आत १४.२ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला. सुमारे ७२ टक्के रुग्णांत हृदयाच्या धमन्यांचा विकार हे मूळ कारण होते. पाश्चात्त्य देशांतील रुग्णांच्या तुलनेत भारतीय रुग्ण साधारण दहा वर्षांनी लहान असतात, म्हणजे अनेकदा कुटुंबाचा कर्ता आधारच आजारी पडतो. म्हणून या रोगाचा प्रश्न वैद्यकीय आहे तितकाच आर्थिक व सामाजिकही आहे.

विश्रांतीकडून व्यायामाकडे

विसाव्या शतकात बराच काळ हृदयविफलतेच्या रुग्णाला पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला जात असे. थकलेल्या हृदयावर अधिक भार टाकू नये, हा त्यामागील साधा तर्क होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या तर्काची फेरतपासणी झाली. रुग्णाची धाप आणि थकवा केवळ हृदयाच्या दुबळेपणामुळे नसतात, असे दिसून आले. दीर्घ निष्क्रियतेने हातापायांचे स्नायू झिजतात, त्यांतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या तंतुकणिकांची कार्यक्षमता घटते आणि रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर प्रसरणाची क्षमता गमावते. परिणामी थोड्याशा श्रमानेही दम लागतो. दम लागतो म्हणून रुग्ण आणखी कमी हालचाल करतो. हे दुष्टचक्र व्यायामाने तोडता येते. व्यायामाने हृदयाची गेलेली ताकद पूर्णपणे परत येतेच असे नाही; परंतु तेवढ्याच हृदयावर अधिक काम करण्याची शरीराची क्षमता वाढते.

या संदर्भात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एचएफ-ॲक्शन’ ही चाचणी महत्त्वाची मानली जाते. अमेरिका, कॅनडा व फ्रान्समधील २,३३१ रुग्णांवर ती करण्यात आली. मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याच्या एकत्रित प्रमाणात प्राथमिक विश्लेषणात आढळलेली घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. रोगाच्या तीव्रतेशी निगडित घटक विचारात घेतल्यानंतर मात्र ही घट ११ टक्के इतकी ठरली. जीवनमानातही सुधारणा दिसली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिहॅब-एचएफ’ चाचणीत रुग्णालयात भरती झालेल्या ३४९ वृद्ध रुग्णांपैकी एका गटाला तोल, बळ, चालणे आणि दम यांवर आधारित व्यायाम देण्यात आला व त्यांच्या शारीरिक क्षमतेत स्पष्ट वाढ झाली. आज युरोप व अमेरिकेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, शक्य असलेल्या प्रत्येक स्थिर रुग्णासाठी व्यायामाची शिफारस सर्वोच्च श्रेणीत केलेली आहे.

औषध घेतले जाते, चालणे राहून जाते

व्यायाम उपयुक्त असणे आणि तो नियमित होणे यांत मोठे अंतर आहे. नेदरलँड्समधील ५०१ रुग्णांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधे नियमित घेत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ ९९ टक्के होते. व्यायामाचा सल्ला पाळणाऱ्यांचे प्रमाण मात्र केवळ ३९ टक्के आढळले. ‘एचएफ-ॲक्शन’मध्येही घरच्या व्यायामाचे उद्दिष्ट आठवड्याला १२० मिनिटांचे होते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात मध्यक ९५ मिनिटांवर होता. वर्षअखेरीस तो ७४ मिनिटांपर्यंत घसरला. काळजीपूर्वक देखरेख असलेल्या चाचणीत ही स्थिती असेल, तर सामान्य रुग्णाची कल्पना करता येते.

दीर्घकालीन उपचारांच्या पालनाविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये मांडलेला पाच परिमाणांचा आराखडा येथे उपयोगी पडतो. आजार, उपचार, व्यक्ती, सामाजिक-आर्थिक स्थिती आणि आरोग्यव्यवस्था ही ती पाच परिमाणे होत. उदाहरणादाखल सरस्वतीपुरमसारख्या वसाहतीतील एक निवृत्त शिक्षक कल्पावेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांचे इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्क्यांवर आले आहे आणि ते नुकतेच रुग्णालयातून घरी परतले आहेत.

१. आजाराशी निगडित घटक : धाप आणि थकवा हे आजाराचे लक्षण आहे, व्यायामातही तेच अनुभवास येतात. त्यामुळे ‘हा नेहमीचा श्रम की धोक्याची सूचना?’ हा प्रश्न रुग्णापुढे प्रत्येक पावलाला उभा राहतो. हृदयविफलतेचा रुग्ण बहुधा एकाच व्याधीने ग्रस्त नसतो. मधुमेह, गुडघेदुखी, रक्तक्षय, फुप्फुसांचे विकार आणि वार्धक्यातील दुर्बलता सोबत असतात. आजाराची चढउतारही अडसर ठरते. महिनाभर जमलेली सवय एकदा रुग्णालयात भरती झाल्यावर मोडते आणि पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो.

२. उपचाराशी निगडित घटक : या शिक्षकांच्या डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व वेळ लिहिलेली आहे; व्यायामाविषयी मात्र ‘चालणे’ एवढाच एक शब्द आहे. किती मिनिटे, किती वेगाने आणि कोणत्या लक्षणावर थांबावे, हे स्पष्ट नाही. मात्रेवाचून दिलेले औषध जसे घेता येत नाही, तसेच मात्रेवाचून सांगितलेला व्यायाम होत नाही. औषधांचाही अप्रत्यक्ष परिणाम होतो. शरीरातील जादा पाणी काढून टाकणारी गोळी सकाळी घेतल्यावर पुढील काही तास वारंवार लघवीस जावे लागते. नेमकी हीच चालण्याची वेळ असते. वाटेत स्वच्छतागृह नसेल, तर रुग्ण तिसऱ्या क्रॉसवरूनच माघारी फिरतो आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडतच नाही. गोळीची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलल्यास हा अडसर सहज दूर होऊ शकतो. परंतु रुग्ण संकोचाने सांगत नाही आणि व्यवस्था विचारत नाही.

३. व्यक्तीशी निगडित घटक : मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली आत्मकार्यक्षमतेची संकल्पना येथे कळीची आहे. विशिष्ट कृती आपल्याला जमेल, हा व्यक्तीचा विश्वास म्हणजे आत्मकार्यक्षमता. उपदेशापेक्षा प्रत्यक्ष यशाच्या अनुभवाने तो अधिक वाढतो. म्हणूनच तलावाची संपूर्ण फेरी हे पहिल्या आठवड्याचे उद्दिष्ट ठेवणे घातक, तर घरासमोरील रस्त्यावर पाच मिनिटे चालणे हितावह ठरते. नैराश्य हा दुसरा दुर्लक्षित घटक होय. विविध अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, हृदयविफलतेच्या साधारण पाचपैकी एका रुग्णात लक्षणीय नैराश्य आढळते. त्याची परिणती अनुत्साहात होते आणि कुटुंब त्याला आळस समजते. रुग्णाची पूर्वायुष्यातील सवयही निर्णायक असते. ज्याने तरुणपणी व्यायाम केला नाही, त्याला तो साठीत, तोही आजारपणात, नव्याने शिकावा लागतो.

४. सामाजिक-आर्थिक घटक : भारतीय कुटुंबात रुग्णाची काळजी मनापासून घेतली जाते; परंतु काळजीचा अर्थ बहुधा विश्रांती असा लावला जातो. शिक्षकांच्या हातातील दुधाची पिशवी सून काढून घेते, मुलगा जिना चढू देत नाही, शेजारी ‘आता आराम करा’ असे बजावतात. या प्रत्येक कृतीमागे माया आहे. मात्र तिच्या एकत्रित परिणामाने रुग्णाचे स्नायू झिजतात आणि त्याचा स्वतःवरील विश्वासही ढळतो. याउलट, कुटुंबातील एक व्यक्ती सोबत चालू लागली, तर सातत्य वाढते. सामाजिक आधार अधिक आणि अडसर कमी असलेले रुग्ण अधिक व्यायाम करतात, हे ‘एचएफ-ॲक्शन’मधील रुग्णांच्या विश्लेषणातूनही पुढे आले आहे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राष्ट्रीय नोंदणीतील रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३१ टक्केच होते. त्यामागे रोगाचे प्रमाण कमी असण्याबरोबरच स्त्रिया उपचारांपर्यंत उशिरा पोहोचत असण्याची शक्यताही लक्षात घ्यावी लागते. ‘घरकाम हाच व्यायाम’ ही समजूत दृढ आहे. वस्तुतः घरकामात श्रम असतात. परंतु त्यांची तीव्रता, कालावधी आणि विश्रांती रुग्णाच्या हाती नसते. स्वतःसाठी अर्धा तास काढून एकटीने चालायला जाणे अनेक घरांत आजही स्वार्थाचे वाटते. भारतातील सर्वसाधारण प्रौढांचे चित्रही असेच आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार, २०२२ मध्ये देशातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत (२०१४) फुरसतीच्या वेळी व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. ज्या समाजात व्यायाम हीच अपवादात्मक बाब आहे, तेथे रुग्णाकडून त्याची अपेक्षा करणे किती अवघड, हे यावरून स्पष्ट होते.

परिसराचा विचारही याच परिमाणात येतो. सपाट व सलग पदपथ, सावली, ठराविक अंतरावर बाके, स्वच्छतागृह, पुरेसा उजेड आणि भटक्या कुत्र्यांपासून सुरक्षितता या गोष्टी धडधाकट माणसाला सोयी वाटतात; हृदयविफलतेच्या रुग्णाच्या दृष्टीने त्या व्यायामाच्या पूर्वअटी आहेत. दर शंभर पावलांवर बसण्याची जागा असेल, तर तो दोनशे पावले चालण्याचे धाडस करतो. याच शहरातील चामुंडी टेकडीच्या सुमारे हजार पायऱ्या निरोगी व्यक्तीला आव्हान म्हणून आकर्षित करतात. या रुग्णासाठी मात्र वैद्यकीय तपासणीवाचून तो मार्ग वर्ज्यच होय. शेतमजूर किंवा हमाल यांच्या बाबतीत प्रश्न उलट स्वरूपाचा असतो. तेथे अतिश्रम टाळणे रोजीरोटीमुळे शक्य होत नाही आणि नियंत्रित व्यायामासाठी वेळ व बळ उरत नाही.

५. आरोग्यव्यवस्थेशी निगडित घटक : म्हैसूरमध्ये १९२४ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि श्री जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा आहे. अशी सुविधा लाभलेल्या शहरांतही उपचाराचा भर झटक्याच्या वेळच्या शस्त्रक्रिया व औषधांवर राहतो, हे देशभरातील वास्तव आहे. हृदय-पुनर्वसन, म्हणजे देखरेखीखालील व्यायाम, आहार, समुपदेशन आणि शिक्षण यांचा एकत्रित कार्यक्रम, मोजक्या, मुख्यतः मोठ्या शहरांतील केंद्रांतच उपलब्ध आहे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरांना व्यायाम समजावून सांगण्यास अवधी नसतो. आठवड्यातून तीन वेळा केंद्रात जायचे, तर प्रवासखर्च आणि सोबतच्या व्यक्तीची बुडणारी मजुरी यांचा भार कुटुंबावर पडतो.

धोरणात्मक चौकट

कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रतिबंधासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. २०२३ मध्ये त्याचे नामकरण ‘असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण राष्ट्रीय कार्यक्रम’ असे करण्यात आले. २०१८ पासून उभारलेल्या आरोग्य व कल्याण केंद्रांना आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हटले जाते. २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ चळवळीचा आरंभ झाला. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा लाभ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना खुला झाला आहे. तथापि, या योजनेचा गाभा रुग्णालयातील उपचार हा आहे. घरी परतल्यानंतर महिनोन्‌महिने चालणारे व्यायाम-मार्गदर्शन तिच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत घटलेल्या इजेक्शन फ्रॅक्शनच्या स्थिर रुग्णांसाठी हृदय-पुनर्वसनाचा समावेश सरकारी विम्यात २०१४ मध्ये झाला, ही बाब तुलनेसाठी उद्बोधक आहे. भौतिकोपचार तज्ज्ञांच्या शिक्षणाचे व सेवेचे नियमन करणारा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला. या मनुष्यबळाचा प्राथमिक स्तरावर उपयोग करून घेण्याची संधी त्यामुळे निर्माण झाली आहे.

उपायांची दिशा

पहिला उपाय म्हणजे व्यायाम घरापर्यंत नेणे. ब्रिटनमधील ‘रीच-एचएफ’ चाचणीत २१६ रुग्णांपैकी एका गटाला, काळजीवाहू व्यक्तीला सहभागी करून घेत, घरगुती कार्यक्रम देण्यात आला आणि त्यांचे जीवनमान उंचावले. कर्नाटकातच मणिपाल येथे झालेल्या छोट्या अभ्यासांतही घरगुती व्यायामाने रुग्णांची चालण्याची क्षमता वाढल्याचे दिसले. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, ही चाचणी सपाट मार्गिका आणि घड्याळ एवढ्या साधनांवर प्राथमिक केंद्रातही प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना करता येते. रुग्णाला आपली प्रगती मीटरमध्ये पाहता येणे, हेच मोठे प्रोत्साहन असते.

दुसरा उपाय म्हणजे संस्कृतीशी जुळणारा व्यायाम. म्हैसूर ही आधुनिक योगपरंपरेची एक जन्मभूमी आहे. तेथे योग शिकलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि ती परंपरा महाराष्ट्रात रुजली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘योग-केअर’ चाचणीत भारतातील २४ रुग्णालयांतील, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण सहभागी होते. गंभीर घटनांत निर्णायक घट सिद्ध झाली नाही. परंतु रुग्णांची स्वतःच्या आरोग्याविषयीची भावना आणि पूर्वीच्या कामांकडे परतण्याची क्षमता सुधारली. ही चाचणी हृदयविफलतेच्या रुग्णांपुरती नव्हती, हे लक्षात ठेवूनच तिचा आधार घ्यावा लागतो.

तिसरा उपाय म्हणजे व्यायामाची लेखी मात्रा. स्थिर रुग्णाने डॉक्टरांच्या संमतीने पाच-दहा मिनिटांपासून आरंभ करून आठवड्यागणिक वाढ करावी, चालताना सलग वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा, रोज सकाळी वजन करावे, हे नियम स्थानिक भाषेत लिहून देता येतात. छातीत दुखणे, चक्कर, विश्रांतीत धाप, किंवा तीन दिवसांत सुमारे दोन किलो वजनवाढ आढळल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांशी संपर्क साधणे आवश्यक आहे. धोक्याची सीमा माहीत असलेला रुग्ण त्या सीमेच्या आत निर्धास्त चालतो.

समारोप

व्यायामाची सवय ही इच्छाशक्तीची परीक्षा मानली, तर अपयशाचा सर्व दोष रुग्णाच्या माथी येतो. वास्तविक डिस्चार्ज कार्डावरील एका शब्दाऐवजी चार ओळी, गोळीच्या वेळेत अर्ध्या दिवसाचा फरक, रस्त्यावरील एक बाक आणि ‘आराम करा’ऐवजी ‘चला, मीही येतो’ म्हणणारा घरातील एक माणूस, इतक्या लहान गोष्टींवर ही सवय उभी राहते. कुक्करहळ्ळीची वाट दीडशे वर्षांहून जुन्या तलावाकाठी उपलब्ध आहे. त्या वाटेपर्यंतची पहिली शंभर पावले रुग्णासाठी सुकर करणे, हे कुटुंब, नगरपालिका आणि आरोग्यव्यवस्था यांचे संयुक्त दायित्व होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. हृदयविफलतेच्या उपचारात विश्रांतीची जागा व्यायामाने का घेतली, ते शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे स्पष्ट करा.

२. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच परिमाणांच्या आधारे व्यायामातील सातत्यावर परिणाम करणाऱ्या घटकांची चर्चा करा.

३. ‘रुग्णालयकेंद्रित विमा योजना दीर्घकालीन आजारांसाठी अपुऱ्या ठरतात.’ हृदय-पुनर्वसनाच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.

४. शहरी परिसराची रचना आणि सार्वजनिक आरोग्य यांतील संबंध सोदाहरण लिहा.